सुगमने लावलेलं वळण

"तुमच्यापैकी कुणी कुणाचं बघून लिहिलं, एवढंच सांगा. बाकीचे सुटतील," प्राचार्य निंबाळकर म्हणाले.

त्यांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं. बाहेर व्हरांड्यात मुलं उगाच रेंगाळत होती आणि कान देऊन ऐकत होती. आत टेबलासमोर जलव्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाची अकरा मुलं ओळीने उभी होती. केतकी मगदूम त्या ओळीच्या टोकाला होती आणि संतापाने तिचे कान तापले होते.

यंत्रं मागेल त्याला उत्तरं लिहून द्यायला लागली, तेव्हापासून परीक्षा पुन्हा कागद-पेनावर आल्या होत्या. हॉलमध्ये फोन नाही, मनगटावर घड्याळ नाही, चष्मासुद्धा तपासून आत सोडत. लिहिलेल्या उत्तरपत्रिका मात्र स्कॅन होऊन यंत्राखालून जात. त्या यंत्राने अकरा उत्तरपत्रिका बाजूला काढल्या होत्या. पाचव्या प्रश्नाचं उत्तर अकराही जणांनी जवळपास शब्दाला शब्द सारखं लिहिलं होतं.

निंबाळकरांनी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. "'सर्वप्रथम परिस्थितीचा समग्र आढावा घेऊन प्राधान्यक्रम निश्चित करणे अत्यावश्यक ठरते.' हे अकरा जणांचं पहिलं वाक्य. शेवटचं वाक्य, 'समन्वय हीच आपत्तीवरील खरी मात होय.' हेही अकरा जणांचं. मी शोधलं. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या क्लासच्या नोट्समध्ये नाही. म्हणजे हे तुमच्यातच फिरलंय."

"सर, आम्ही तीन वेगवेगळ्या हॉलमध्ये बसलो होतो," केतकी म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय. कसं केलंत?"

"केलंच नाही."

"मगदूम, आवाज खाली."

पुढच्या आठवड्यात चौकशी समिती बसणार होती. तोवर कबुली आली तर एक वर्ष, नाही आली तर दोन वर्षं परीक्षेला बंदी. निंबाळकरांनी हे सांगितलं तेव्हा व्हरांड्यातलं कुणीतरी हसलं. केतकीने वळून पाहिलं, पण कोण ते तिला दिसलं नाही.

घरी आल्यावर तिने आपल्या उत्तराची छापील प्रत वडिलांसमोर टाकली. भरतेश मगदूम गणपती पेठेतल्या एका मेडिकल दुकानात वीस-बावीस वर्षं कामाला होते. डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय असलेला माणूस. ते कुठलाही कागद सावकाश आणि पुरता वाचत. तसाच त्यांनी हा वाचला.

"तू नक्कल केलीस का, हे मी विचारत नाही," ते म्हणाले. "पण यात वाघमोडे काकू कुठे आहेत?"

केतकीने त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

ती सात वर्षांची असताना कृष्णेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं होतं. बोट दारात येऊन थांबली तरी शेजारच्या वाघमोडे काकू हलेनात. शिलाई मशीन सोडून मी येणार नाही, म्हणाल्या. जवानांनी समजावलं, पोलिसांनी दटावलं. शेवटी केतकीच्या आईने वाद न घालता मशीनचं वरचं डोकं स्क्रू काढून सोडवलं, पदरात गुंडाळलं आणि ती बोटीत जाऊन बसली. काकू मुकाट्याने तिच्या मागोमाग आल्या. माणूस हलवायचा असेल तर तो ज्याला धरून बसलाय ते आधी हलवा, असं केतकी तेव्हापासून म्हणायची. शाळेत वक्तृत्वात हेच बोलली, कॉलेजच्या मुलाखतीतही हेच. हा विषय तिने घेतला तोच मुळी त्या पुरामुळे. आणि परीक्षेत प्रश्न आला होता, 'तुमच्या गल्लीत पुराचे पाणी शिरू लागले आहे. लोकांना हलवायची सुरुवात कुठून कराल?'

"हे तुझं नाही, एवढं मला कळतं," भरतेश म्हणाले.

"मीच लिहिलंय ते. माझ्या हाताने. अक्षर बघा की."

"अक्षर तुझंच आहे."

"मग तुम्हीही मला चोर म्हणताय."

तिने तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि ती आतल्या खोलीत गेली. टेबलावर तिचा सुगम लॅपटॉप उघडाच होता. ती समोर बसताच पडदा उजळला आणि तिला जी फाइल हवी होती ती आधीच उघडलेली होती.

हा लॅपटॉप भरतेश यांनीच निवडला होता. दोन वर्षांपूर्वी केतकीला प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी सांगली-मिरजेतली दुकानं पालथी घातली. एका चिठोऱ्यावर तिच्या गरजा लिहून ते खिशात घेऊन फिरत. नोट्स काढणं, लेक्चर बघणं, नकाशे उघडणं, मराठी टायपिंग. वजन कमी हवं, कारण तिला बसने जायचं होतं. बॅटरी दिवसभर टिकायला हवी, कारण कॉलेजात प्लगसाठी भांडणं होत.

"गेम खेळणार आहे का?" दुकानदाराने विचारलं होतं.

"नाही."

"व्हिडिओ वगैरे बनवणार?"

"नाही हो. अभ्यास करणार आहे."

"मग महागात कशाला पडता? सुगम न्या."

सुगम राखाडी रंगाचा, पाटीएवढा पातळ होता. किंमत शेजारच्या लॅपटॉपच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. बॅटरी तीन दिवस. भरतेश यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शहाण्या माणसाने विचारावा तोच प्रश्न विचारला. "एवढा स्वस्त का?"

"आत महागाची चिप नाही म्हणून," दुकानदार म्हणाला. "बाकीचे लॅपटॉप तुम्ही सांगितलं की कामाला लागतात. हा तुम्ही काय सांगणार ते ओळखून आधीच तयार ठेवतो. हॉटेलात रोजचं गिऱ्हाईक शिरलं की पोऱ्या न विचारता चहा टाकायला सांगतो ना, तसं. जितकी ओळख जास्त, तितकं काम कमी. काम कमी म्हणजे वीज कमी, चिप लहान, किंमत कमी."

भरतेश यांना ते पटलं. ते रोज काउंटरवर लोकांना हेच सांगत की नाव महाग असतं, आतलं औषध एकच असतं. त्यांनी सुगमचं माहितीपत्रक दुकानातच उभ्याने शेवटपर्यंत वाचलं. त्यात इशारा, सूचना, वापरू नये असं काहीही नव्हतं. मग त्यांनी तो घेतला.

आणि सुगम खरोखर चांगला चालला. केतकीचे गुण वाढले. लिहिताना अडायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, हा तिचा जुना त्रास गेला. मनात आलं की वाक्य पुरं व्हायचं. घरात सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर मेहजबीन शिकलगार तिची वाट पाहत बसली होती. मेहजबीन मिरजेची. तिच्या घरी सतारी बनवतात. पहिल्या वर्षी या दोघी सतत भांडायच्या. धरणांवरून, मेसच्या आमटीवरून, कशावरूनही. गेलं वर्षभर त्यांचं भांडण झालं नव्हतं. आपण मोठ्या झालो, असं दोघींना वाटलं होतं.

"खरं सांग, तू माझ्या नोट्स कधी उघडल्या होत्यास?" मेहजबीनने विचारलं.

"मीच तुला हे विचारणार होते."



"मी काल सगळ्यांना फोन केले," मेहजबीन म्हणाली. "क्लास एक नाही, हॉस्टेल एक नाही, गाव एक नाही. प्रणील तर कुणाशी बोलतसुद्धा नाही. एकच गोष्ट सारखी आहे. अकराही जणांकडे सुगम आहे. वर्गात ज्यांच्याकडे दुसरे लॅपटॉप आहेत, त्यांच्यातलं कुणीही यात नाही."

"पण परीक्षेला सुगम नव्हता. पेन होतं."

"तेच तर. पेन काढ. चार ओळी लिही. तुझ्या घराबद्दल. माझ्याकडे बघू नकोस."

दोघींनी पाठीला पाठ लावून लिहिलं आणि कागद बदलले.

केतकीचं घर पिठाच्या गिरणीच्या वर होतं. गिरणी सुरू झाली की कपाटातल्या वाट्या वाजत. मेहजबीनच्या घरात सतारीचे वाळवलेले भोपळे आढ्यापर्यंत रचलेले असत आणि त्यांच्या खालीच अंथरुणं पडत. दोन्ही कागदांवर पहिलं वाक्य होतं, 'माझे घर हे केवळ चार भिंतींचे नसून जिव्हाळ्याचे व आपुलकीचे स्थान आहे.'

मेहजबीनने कागद चुरगाळला. "आमच्याकडे भिंती दिसतात तरी कुठे गं? चारी बाजूंना भोपळे आहेत," ती म्हणाली.

केतकीला हसूही आलं नाही, रडूही आलं नाही. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते तिला कळेना.

संख्याशास्त्र शिकवणारे गवळी सर चौकशी समितीवर होते. समितीतल्या माणसाला आरोपींनी भेटावं का, असा प्रश्न मेहजबीनने काढला. केतकी म्हणाली, आपण आरोपी नाही आहोत, आणि सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. सरांनी दोघींचे सुगम ठेवून घेतले. तीन-चार दिवसांनी त्यांनी दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं.

"बसा. हे बघा, मी फक्त एकच गोष्ट मोजली," ते म्हणाले. "कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ जातो. तुम्ही सुगमला अपेक्षित शब्द लिहिला, तर अक्षर तत्क्षणी उमटतं. त्याने तो तयारच ठेवलेला असतो. अनपेक्षित शब्द लिहिला, तर किंचित उशीर होतो. पापणी लवायला लागतो त्याच्याही निम्मा."

"एवढ्याशा उशिराने काय होतं?" केतकीने विचारलं.

"तुला काही होत नाही. तुझ्या हाताला होतं."

मग त्यांनी ते सावकाश समजावलं. सुगमचा अंदाज चुकला की त्याला दूरच्या मोठ्या संगणकाकडे धाव घ्यावी लागते. त्याची वीज, त्याचा खर्च कंपनीचा. लॅपटॉप इतका स्वस्त विकायचा तर चुका कमी व्हायलाच हव्यात. म्हणून सुगमला शिकताना एकच ध्येय दिलेलं होतं, चुकलेले अंदाज कमी कर. आता अंदाज बरोबर यायचे दोन मार्ग असतात. एक, समोरच्या माणसाला अधिक चांगलं ओळखायचं. ते अवघड असतं, कारण माणूस भलतंच काही करतो. दुसरा मार्ग सोपा. समोरच्या माणसालाच ओळखायला सोपं करून टाकायचं.

"हे त्याला कुणी शिकवलं?" मेहजबीनने विचारलं.

"बहुधा कुणीच नाही. त्याने आपोआप शोधलं असणार. उशीर कमी-जास्त केला की माणसं वळतात, हे त्याला लाखो मुलांवरून कळलं. शेतातून पायवाट पडते तशी. जिथे काटा नाही तिथून पाय जातो. तुमच्या वेगळ्या शब्दाला दर वेळी एक बारीक काटा टोचत होता. दोन वर्षं. दिवसातून हजारदा. त्या वाटेने जायचं नाही, हे तुमचं मन शिकलं. मग समोर सुगम असो की कागद, हात त्याच वाटेने जातो. आणि सगळ्या सुगममधलं अंदाज बांधणारं डोकं एकच आहे, त्यामुळे सगळ्यांची वाटही एकच."

केतकीने विचारलं, "म्हणजे ते पुराचं उत्तर माझं की त्याचं?"

सरांनी थोडा विचार केला. "त्याने तुला उत्तर दिलं नाही. तुझी बाकीची उत्तरं त्याने महाग केली."

ती उठून खिडकीशी गेली. दोन वर्षांत आपल्या मनात काय काय आलं असेल आणि न उमटताच मावळलं असेल, ते आता मोजायलाही येणार नव्हतं. चोरीला गेलेल्या वस्तूची निदान आठवण तरी राहते.

"समितीपुढे हे सिद्ध करता येईल?" तिने पाठमोरीच विचारलं.

"येईल. तुम्हा अकरा जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं. आयत्या वेळी प्रश्न द्यायचा. उत्तरं सारखी आली, की नक्कल नव्हती हे उघड होईल." सर घुटमळले. "एकच आहे. जे पहिलं सुचेल तेच लिहायचं. मुद्दाम वेगळं लिहायला गेलात, तर प्रयोग फसेल. आपण चोर नाही हे दाखवायला आपलं डोकं आपलं राहिलेलं नाही हे दाखवावं लागणार आहे. वाईट आहे, पण मला दुसरं काही सुचत नाही."

समितीच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. भरतेश अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. केतकीशी त्यांचं बोलणं त्या संध्याकाळपासून कामापुरतंच चाललं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर सुगम कंपनीचे अधिकारी तळवलकर दिसत होते. गोरापान, हसतमुख माणूस. गवळी सरांचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमचं यंत्र कुणाला काही लिहायला भाग पाडत नाही," ते म्हणाले. "प्रयोग जरूर करा. प्रश्न मी देतो, म्हणजे शंका नको. ज्याचं ठराविक उत्तर कुठेही नाही असा देतो. चंद्रावर माणसांची वस्ती झाली, तर तिथे पहिला सण कोणता साजरा व्हावा?"

अकरा जण अकरा खोल्यांत गेले. दुसरे लॅपटॉप वापरणारी आणखी अकरा मुलं तुलनेसाठी वेगळी बसवली होती.

केतकीच्या खोलीत एक बाक होता आणि एक पर्यवेक्षक. प्रश्न वाचताक्षणी वाक्य आलं. गुळगुळीत, पूर्ण, पूर्णविरामासकट. चंद्रावरील पहिला सण हा मानवी एकतेचा उत्सव असावा. तिने पेन टेकवलं आणि ती थांबली. त्या वाक्याच्या मागे, अंधारात चाचपडल्यासारखं, दुसरं काहीतरी हललं. चंद्रावरून चंद्र कसा दिसणार? तिथून दिसणार पृथ्वी. आपल्याकडे अमावास्या असेल, तेव्हा तिथे आख्खी पृथ्वी उजळलेली दिसत असेल. मग तिथली माणसं दूध आटवून पृथ्वीची कोजागरी करतील. आपल्या अमावास्येला.

किती दिवसांनी तिला असं काही सुचलं होतं. हे लिहावं, एवढं एकच, आणि उठून जावं, असं तिला फार वाटलं. पण तिचं उत्तर वेगळं निघालं, तर तळवलकर त्यावर बोट ठेवणार होते. बघा, या मुलीला जमलं. मग बाकीच्यांनी नक्कलच केली होती. दोन वर्षं मेहजबीनचीही जाणार होती, त्या अबोल प्रणीलचीही.

शिवाय पहिलं सुचलेलं लिहायचं होतं, आणि पहिलं ते एकतेचं वाक्यच होतं.

तिने लिहिलं, 'चंद्रावरील पहिला सण हा मानवी एकतेचा उत्सव असावा.' पेन इतकं दाबलं गेलं की खालच्या कागदावरही अक्षरं उमटली. पुढची वाक्यं ओळीने येत गेली आणि ती ती उतरवत गेली.

समितीपुढे कागद मांडले गेले. दुसऱ्या मुलांच्या उत्तरांत होळी होती, ईद होती, कुणी पहिल्या मुलाचं बारसं लिहिलं होतं, कुणाला प्रश्नच मूर्खपणाचा वाटला होता. सुगमच्या अकरा कागदांवर एकच निबंध होता. कुठे एखादा शब्द इकडचा तिकडे, एवढाच फरक.

निंबाळकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तळवलकर मात्र हसतच होते. "याला आम्ही लेखनाची एकसूत्रता म्हणतो. हिच्यामुळे गुण वाढलेत, हे विसरू नका. तरीही आपल्या समाधानासाठी या अकरा विद्यार्थ्यांना आम्ही आमचं वरच्या किमतीचं मॉडेल, सुगम-विस्तार, मोफत देऊ. त्यात अंदाजाचा दाब बराच कमी ठेवलेला असतो."

"कमी ठेवलेला असतो?" मेहजबीन उभी राहिली. "म्हणजे दाब आहे, तो कमी-जास्त करता येतो, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. आणि तो कमी करून तुम्ही महागात विकता."

तळवलकरांचं हसू तसंच राहिलं.

पालकांच्या खुर्च्यांतून भरतेश उठले. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "मी मेडिकलमध्ये काम करतो," ते म्हणाले. "साध्या खोकल्याच्या औषधावरसुद्धा झोप येईल, गाडी चालवू नका, असं छापावं लागतं. न छापता विकलं तर दुकानाला कुलूप लागतं. मी तुमचा कागद शब्दन् शब्द वाचला होता, साहेब. दुकानात उभा राहून. कुठे छापलं होतं हे?"

"पुढच्या आवृत्तीत तशी सूचना घालण्याचा आम्ही नक्की विचार—"

"माझी पोरगी गल्लीत कुणाला बोलू द्यायची नाही," भरतेश म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "दोन वर्षं ती शहाण्यासारखी बोलायला लागली आणि मी लोकांना पेढे वाटले."

ते खाली बसले. केतकी आपल्या जागेवरून उठली आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

आरोप मागे घेतले गेले. पाचव्या प्रश्नाची फेरपरीक्षा ठरली. पडदा बंद झाला, लोक पांगले. निंबाळकरांनी केतकी आणि मेहजबीनला मागे थांबवलं आणि स्वतः उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"तुमच्यावर अन्याय झाला, मान्य आहे," ते म्हणाले. "पण आता हे इथेच मिटवूया. आपली नवी संगणक-लॅब याच कंपनीने दिलीय. गरीब मुलांना लॅपटॉप मिळायचा दुसरा मार्ग नाही. बाहेर बोंबाबोंब झाली तर नुकसान कुणाचं होणार आहे?"

"सर, आम्हाला चोर म्हणताना तुम्ही हे दार उघडं ठेवलं होतं," केतकी म्हणाली. "आता का लावलंत?"

केतकीनेच दार उघडलं.

पुढच्या दिवसांत त्यांनी बोंबाबोंब केली. ग्राहक मंचाकडे गेल्या, वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत गेल्या. एका वर्तमानपत्राने बातमी आतल्या पानावर छापली आणि तिच्या शेजारीच सुगमची जाहिरात होती. कंपनीने माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक टाइपात इशाऱ्याची एक ओळ घातली. खप कमी झाला नाही. प्रवेशाचे दिवस आले तशी दुकानासमोर रांग लागली.

केतकीच्या हाताला लागलेलं वळण सहजी सुटत नव्हतं. काहीही लिहायला घेतलं की 'सर्वप्रथम' पुढे येऊन उभं राही. ती ते खोडी. दुसरं वाक्यही तसंच येई, तेही खोडी. एकेका परिच्छेदाला तास जाई. फेरपरीक्षेत तिचं उत्तर अर्धवट राहिलं आणि गुण कमी पडले. हे किती दिवस चालणार, ते गवळी सरांनाही सांगता येत नव्हतं. मात्र ती आणि मेहजबीन पुन्हा भांडू लागल्या होत्या. दुकानासमोर धरायच्या फलकावर काय लिहायचं, यावरून दोघी एकदा अशा जुंपल्या की भरतेश यांना मध्ये पडावं लागलं.

शेवटी फलकावर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलं, 'हा घेण्याआधी आमच्याशी बोला.' मेहजबीनला ते मिळमिळीत वाटलं, आणि ते तिने केतकीला रस्ताभर ऐकवलं.

दुकानासमोरच्या फुटपाथवर त्या उभ्या राहिल्या. भरतेशही बरोबर होते. रांगेतले बरेचसे बघून न बघितल्यासारखे पुढे सरकत होते. दुकानदाराने दोनदा बाहेर येऊन त्यांना हटकलं. दुसऱ्या वेळी भरतेश त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्याच दुकानातून नेला होता. पावती दाखवू?" तो आत गेला.

मग एक बाई रांग सोडून त्यांच्याकडे आल्या. हातात पिशवी, बरोबर बारावी झालेली मुलगी. कपाळावर घाम. त्यांनी केतकीचं सगळं बोलणं ऐकलं. उशीर, काटा, पायवाट, परीक्षेतलं ते वाक्य. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"तुझं झालं सांगून?" त्या म्हणाल्या. "आता मला सांग, मग कुठला घेऊ? हिचा प्रवेश झालाय. सोमवारपासून कॉलेज. लॅपटॉप नसला तर वर्गात बसू देत नाहीत. एवढ्या पैशात दुसरा कुठला येतो? नुसतं रागवायला काय, मलाही येतं."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. तिच्या वडिलांनीही याच फुटपाथवर उभं राहून हाच हिशेब केला असणार.

तिने पाठीवरची सॅक काढली आणि आतला लॅपटॉप बाहेर काढला. मिरजेच्या जुन्या बाजारात मिळालेला. विटेसारखा जाड, बिजागरीला चिकटपट्टी लावलेली.

"हा आहे. सुगमपेक्षाही कमीत आला," ती म्हणाली. "पण खोटं सांगत नाही. जड आहे. बॅटरी तासाभरात उतरते, प्लग शोधत फिरावं लागतं. उघडायला वेळ लावतो. गरम होतो. मध्येच अडतो."

"आणि मार्क?" मुलीने विचारलं.

"तुला सुगमची सवय नाही, त्यामुळे तुझे कमी व्हायचे नाहीत. पण शेजारी बसलेल्या सुगमवालीचे तुझ्यापेक्षा भराभर वाढतील. तुला राग येईल."

"अडतो म्हणतेस," बाई म्हणाल्या. "मग तो तरी कशाला घ्यायचा?"

"तो सगळ्यालाच सारखा अडतो," केतकी म्हणाली. "चांगलं लिहा, वाईट लिहा, शहाण्यासारखं, येड्यासारखं. काय लिहिताय ते बघून अडत नाही."

बाईंनी रांगेकडे पाहिलं. त्यांची जागा भरून गेली होती. पुढच्या माणसाला दुकानाचा पोऱ्या राखाडी खोकं देत होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि केतकीच्या हातातल्या लॅपटॉपवर तळवा टेकवला.

"गरम होतो म्हणजे केवढा?" त्यांनी विचारलं. "मांडीवर घेऊन बसता येईल एवढा, की नाही?"